पॅरासिटामॉलची अ‍ॅसे (गोळीत औषध किती आहे ते मोजणं): यूव्हीवर, म्हणजे द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, बसण्याआधी

यंत्र कुणालाही चालवता येतं रे, खरी गोम सॅम्पल बनवण्यात आहे. २० गोळ्या वजन करून सरासरी काढ, मग बारीक कुटून घे. ०.१५ ग्रॅम पॅरासिटामॉल येईल एवढी पूड ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये नीट हलव, २०० मिलीपर्यंत पाणी भर आणि गाळ. गाळलेले पहिले काही मिली फेकून द्यायचे, कागद औषध थोडं शोषतो. पुढे दोनदा दहापट पातळ कर. दुसऱ्यांदा १० मिली अल्कली (तेच सोडियम हायड्रॉक्साइड) घालायला विसरू नकोस. २५७ नॅनोमीटरला रीडिंग ०.५३च्या आसपास यायला हवं.

क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी चौकोनी नळी) क्वार्ट्झचीच घे, काच या तरंगलांबीला प्रकाश गिळते. बोटं खरखरीत बाजूंनाच लाव. ब्लँक (यंत्र शून्यावर आणायचं औषधाविना द्रावण) म्हणजे नुसतं पाणी नव्हे, तेवढीच अल्कली त्यातही हवी.

लेबलवरच्या मात्रेच्या तुलनेत टक्केवारी ११० आली की सगळे गणित तपासत बसतात. मी आधी ३५० नॅनोमीटरला बघतो. तिथे पॅरासिटामॉल जवळजवळ काहीच शोषत नाही. तरी रीडिंग दिसलं तर द्रावण गढूळ आहे, गोळीतले भरावाचे पदार्थ, स्टार्च किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट, गाळणीतून उतरलेत. परत गाळ. आकडा तरीही तसाच राहिला, तर पिपेट आणि डायल्यूशन (पातळ करण्याचं माप) बघ. गणितात फक्त ७१५ हा स्थिरांक आहे, तो म्हणजे पॅरासिटामॉलच्या एक टक्का द्रावणाचं रीडिंग, एवढं ध्यानात ठेव.

आणि स्टॅबिलिटीचं (औषध साठवणीत किती टिकतं ते बघायचं) सॅम्पल असेल तर यूव्हीच्या नादी लागू नकोस. विघटनातून येणारं पॅरा-अमिनोफेनॉलही यूव्ही शोषतं. त्याला घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसीच लाव.