थायरॉइडची गोळी चहाबरोबर घेतली तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की गोळी सकाळच्या चहाबरोबर घेता, नाश्ता झाला की लगेच कॅल्शियमची, आणि डोस दोनदा वाढवूनही टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) उतरत नाही. डोस तिसऱ्यांदा वाढवण्याआधी वेळ सुधारा. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

थायरॉक्सीन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, लहान आतड्यात शोषलं जातं, तेही पूर्ण नाही. साधारण 40 ते 80 टक्के. त्याआधी गोळी पोटातल्या आम्लात नीट विरघळावी लागते. कॅल्शियम आणि लोह आतड्यातच थायरॉक्सीनला धरून ठेवतात आणि ते शौचावाटे निघून जातं. म्हणून या गोळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवंच. अँटासिडलाही हाच नियम. कॉफीनेही शोषण घटतं. पँटोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) रोज चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण आम्लच कमी पडतं.

तेव्हा उठल्या उठल्या गोळी, पेलाभर साधं पाणी, आणि अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. सकाळच्या धांदलीत हे जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्या. वेळ मात्र रोज तीच ठेवा.

रक्तात गेलेलं थायरॉक्सीन 99 टक्क्यांहून जास्त प्रथिनांना बांधलेलं असतं, त्यामुळे ते फार सावकाश निघतं. निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. यकृत, मूत्रपिंड वगैरे अवयव त्यातला आयोडीनचा एक अणू काढून टी-3 बनवतात. खरं काम करतं ते हे टी-3. काही भाग यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतो. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर यकृत थायरॉक्सीन झपाट्याने संपवतं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो.

या सात दिवसांमुळेच एखादी गोळी चुकली तर घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पण बदलाचा परिणामही लगेच दिसत नाही. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासा, पंधरा दिवसांत नको.

एक काळजी घ्या. तुमचा डोस कमी शोषणाच्या हिशेबाने वाढवलेला आहे. वेळ सुधारल्यावर तोच जास्त होऊ शकतो. म्हणून वेळ बदलताना डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि छातीत धडधड, हात थरथरणं किंवा झोप उडणं सुरू झालं तर आठ आठवडे थांबू नका.