पट्टकृमी बर्फात घालून आणू नका

पट्टकृमींवर (आतड्यातले लांब, फितीसारखे जंत) सेरोटोनिनचा काहीच परिणाम का दिसत नाही, हा तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीचा माझा उन्हाळा डोळ्यांसमोर उभा राहिला. बकरीच्या आतड्यातले मोनिएझिया जातीचे पट्टकृमी आणले, सेरोटोनिन घातलं, कृमी ढिम्म. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. आता तुमचे गाईड म्हणताहेत की या कृमीत सेरोटोनिनचा रिसेप्टरच नसेल, विषय बदला. घाई करू नका. आधी हे वाचा, प्रयोग एकदा परत करा, मग ठरवा.

सेरोटोनिन म्हणजे पेशींना निरोप देणारा रेणू आणि रिसेप्टर म्हणजे तो निरोप पकडणारा पेशीवरचा भाग, बाकी तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला तुमच्या मजकुरातलं एकच वाक्य खटकलं: 'नमुना बर्फाच्या डब्यात आणला.'

मीही तेच केलं होतं. नागपूरचा मे महिना, नवतपा लागलेला, पारा ४५ च्या पुढे. अशा उन्हात आतडं बर्फाशिवाय आणायचं कसं, असं कोणालाही वाटेल. पण मी बर्फ स्वतःच्या डोक्याने नेला नव्हता. ज्या कार्यालयातून नमुने उचलायची परवानगी घ्यावी लागे, त्यांच्या फॉर्ममध्ये 'शीतसाखळी' असा रकाना होता. तो भरल्याशिवाय शिक्का नाही. मी एकदा सांगून पाहिलं की मला कृमी जिवंत हवेत, तपासणीसाठी मांसाचा तुकडा नकोय. उत्तर मिळालं, नियम सगळ्या नमुन्यांना सारखाच. मी मुकाट्याने रकाना भरला आणि पुढचे आठ महिने बर्फ वाहत राहिलो. माझी चूक ती. वाद घालायला हवा होता, लेखी घालायला हवा होता.

बकरीच्या शरीराचं तापमान साधारण ३९ अंश. हा कृमी मोठा झाल्यापासून त्याच उबेत असतो. त्याला अर्ध्या तासात शून्याजवळ नेलं, मग कूलरच्या हवेत ठेवलेल्या सलाईनमध्ये टाकलं, तर त्याचे स्नायू आखडतात नाही तर गळून जातात. त्यानंतर तुम्ही सेरोटोनिन घाला की साधं पाणी, फरक दिसणार नाही. मी मात्र वहीत 'प्रतिसाद नाही' असं लिहीत गेलो आणि तेच वार्षिक अहवालातही दिलं. ते वाक्य आजही टोचतं, कारण माझ्यानंतर आलेल्या एका मुलीने तोच अहवाल वाचून हा विषय सोडला.

चूक कळली ती एका खाटीकभाऊंमुळे. त्यांनी आतडं उघडलं, पांढरी फीत तळहातावर घेतली आणि म्हणाले, "साहेब, हे इथं तर वळवळते, तुमच्याकडे जाऊन काऊन मरते?" दुसऱ्या दिवशी चहाचा मोठा थर्मास धुऊन, त्यात ३९ अंशांचं टायरोड द्रावण (ऊती जिवंत ठेवणारं क्षारांचं पाणी) भरून नेलं. प्रयोगशाळेत येईपर्यंत फीत हलत होती. तिला वॉटरबाथमध्ये वीस मिनिटं स्थिर होऊ दिलं, सेरोटोनिनच्या एक मायक्रोमोलर इतक्या अगदी सौम्य द्रावणापासून सुरुवात करून मात्रा वाढवत गेलो, आणि आकुंचनं वाढलेली नुसत्या डोळ्यांनी दिसली. त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून फोन करून घरच्यांना सांगितलं, इतका आनंद झाला होता.

परवानगीतला तो एक रकाना बदलून घ्यायला पुढे तीन महिने गेले. अर्ज एकदा हरवला. मग सांगितलं की पद्धत बदलली म्हणजे नवा अर्ज. म्हणून तुमच्या पहिल्याच अर्जात ठळक लिहा: 'जिवंत ऊती, ३७ ते ३९ अंश, बर्फ नको.' पोच घ्या, पोचपावतीचा फोटो काढून ठेवा. तुमच्याकडचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा आपल्या समितीला विचारूनच करा.

आता रिसेप्टरच नसेल या म्हणण्याबद्दल. यकृतातल्या फॅसिओलावर मन्सूर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं की सेरोटोनिनने तो चपटा कृमी जोरात हलू लागतो. पट्टकृमींतही सेरोटोनिन स्नायूंना चेतवतं आणि ॲसिटिलकोलीन हा दुसरा निरोप्या रेणू शांत करतो. आपल्या हातापायांच्या स्नायूंना ॲसिटिलकोलीनच हलवतं, म्हणजे कारभार उलटा. शिवाय सेरोटोनिनमुळे त्यांच्या ग्लायकोजनचं (साठवलेल्या साखरेचं) विघटन वाढतं, म्हणजे हालचालीला लागणारं इंधनही तेच मोकळं करतं. २०१३ मध्ये चार पट्टकृमींचे जीनोम (संपूर्ण जनुकसंच) प्रसिद्ध झाले, त्यात डुकरामार्फत पसरणारा टीनिया सोलियम आणि यकृतात वगैरे हायडॅटिड नावाच्या पाणीदार गाठी करणारा एकिनोकॉकसही आहेत. पुढे एकिनोकॉकस आणि मेसोसेस्टॉइडिस या आणखी एका पट्टकृमीच्या सेरोटोनिन रिसेप्टरांवर वेगळं कामही झालं आहे. तुमच्या गाईडना हे नम्रपणे दाखवा. वरिष्ठांना कागद दाखवला की वाद कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

कृमीच्या या रिसेप्टरला औषधाचं लक्ष्य म्हणून हात घालायचा असेल तर माझी मतं थोडी कडक आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

आपल्या आतड्यात शरीरातलं बहुतेक सगळं सेरोटोनिन असतं आणि त्याचे अनेक रिसेप्टर आपल्यातही असतात. तेव्हा कृमीचा रिसेप्टर थांबवणारं रेणू सापडलं, एवढ्यावर प्रबंध लिहू नका. ते माणसाच्या रिसेप्टरवर किती चिकटतं, हे पहिल्याच वर्षी तपासा. विशेषतः माणसातल्या सेरोटोनिन रिसेप्टरांपैकी २बी हा प्रकार. तो सतत चेतवत ठेवला तर हृदयाच्या झडपा जाड होतात. फेनफ्लुरामीन हे वजन घटवायचं औषध १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं ते झडपांच्या तक्रारींमुळेच.

दुसरी गोष्ट, माणसाच्या औषधांची नावं कृमीच्या रिसेप्टरला लावू नका. माणसात अमुक प्रकार अडवणारं औषध कृमीत भलत्याच ठिकाणी बसू शकतं किंवा बसतच नाही. पुष्कळजण अशा औषधाच्या परिणामावरून 'कृमीत (माणसासारखा) २ए प्रकार आहे' असं लिहून मोकळे होतात. मला हे चुकीचं वाटतं. उलट हा फरकच कामाचा आहे, कारण माणसाला न छेडता कृमीला छेडणारं औषध याच फरकातून मिळू शकेल.

तिसरी, आतड्यातला कृमी लुळा पडला तर पकड सुटून बाहेर पडेल. मेंदूतली सिस्टिसर्कसची, म्हणजे टीनिया सोलियमच्या अळीची, गाठ लुळी पडून काय उपयोग? ती तिथंच राहील. शिवाय गाठ मरताना भोवती सूज येते, म्हणूनच प्रॅझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोल या कृमिनाशकांबरोबर डॉक्टर स्टेरॉइड देतात. तेव्हा प्रस्ताव लिहिताना आतड्यातला कृमी आणि गाठ यांची भेसळ करू नका. मी डॉक्टर नाही, हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नये. फिट येत असेल तर सरळ न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि हो, 'आमच्या घरी मांसाहार नाही, आम्हाला कसा होईल' असं मानू नका. मेंदूतल्या गाठी डुकराचं मांस खाल्ल्याने होत नाहीत. माणसाच्या विष्ठेतून पडलेली अंडी पोटात गेल्याने होतात. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, काकडी एवढंही पुरे होतं.

एक बारीक गोष्ट, ज्यात माझे दोन आठवडे गेले. सेरोटोनिन कोणत्या क्षाराच्या रूपात आहे, ते बाटलीवर वाचा. हायड्रोक्लोराइडचा रेणुभार २१२.७ आहे, क्रिएटिनीन सल्फेट मोनोहायड्रेटचा ४०५.४. एकाच्या हिशेबाने दुसरा तोलला तर मात्रा जवळपास अर्धी किंवा दुप्पट होते. द्रावण रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. उजेडात ते तपकिरी पडतं, आणि असं पडलेलं वापरू नका.

कृमीला लागलेला बकरीच्या आतड्यातला चिकट स्राव कोमट द्रावणाने दोनदा धुऊन काढा, कारण त्यात बकरीचंच सेरोटोनिन असतं. मोनिएझिया मीटरभर आणि त्याहून लांब निघतो, तेव्हा पुढच्या भागाचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे घ्या. सेरोटोनिन घालण्याआधी दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, मागे थर्मामीटर दिसेल असा. तो व्हिडिओ गाईडना दाखवा. पहिला थर्मास कधी नेता ते इथे लिहा, मी वाट बघतो.