अडुळसा : काडी, कुंपण आणि रस

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात अडुळशाच्या वीस काड्या लावल्या, पंधरा कुजल्या. कशामुळे?

उत्तर : काड्या बहुधा कोवळ्या असाव्यात. हिरवा शेंडा ओल्या मातीत लगेच काळा पडतो. पेन्सिलीएवढी जाड, भुरकट सालीची, वीतभर काडी घ्या. तीन-चार पेरं हवीत. खालचा काप पेराखाली तिरका, वरचा सरळ द्या, म्हणजे काडी उलटी लागत नाही. पानं खुडून दोन पेरं मातीत पुरा आणि सावलीत ठेवा. काळ्या मातीत निम्मी वाळू मिसळा. पालवी फुटली की लगेच उपटून दुसरीकडे लावण्याची घाई होते, तिथंच उरलेल्या काड्या जातात. पहिली पालवी मुळं नसतानाही, काडीतल्या साठ्यावर येते. पानांची दुसरी-तिसरी जोडी येऊ द्या.

प्रश्न : कुंपण वर दाट, खाली नुसत्या काटक्या. शेळ्या तर खात नाहीत.

उत्तर : शेळ्या कडू पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर तो बांधावर लावतात. दोष कात्रीचा. फक्त वरून छाटलं की माथा पसरतो आणि बुंध्याला ऊन मिळत नाही. फुलोरा संपल्यावर, पावसाच्या तोंडावर, जमिनीपासून वीतभर ठेवून सगळं छाटा. जुनी खोडंही फुटतात. पुढे पायथा रुंद, माथा अरुंद ठेवा. छाटलेला पाला खताच्या खड्ड्यात टाका.

प्रश्न : पानं वाटली तरी रस निघत नाही. काढा कसा करावा?

उत्तर : कच्च्या पानाचा रस निघतच नाही म्हटलं तरी चालेल. इडलीपात्रात पानं दहा मिनिटं वाफवा, गरम असतानाच ठेचून फडक्यातून पिळा. आयुर्वेदातला पुटपाक (वाटलेल्या पानांचा गोळा गुंडाळून, मातीचा लेप देऊन भाजणं आणि मग पिळणं) हीच युक्ती वापरतो. काढ्याला एवढा खटाटोप नको : चार-पाच पानं चिरून, आल्याच्या तुकड्यासह दोन कप पाण्यात मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळा. जास्त कडक काढ्यानं मळमळ, उलटी होते. पानातल्या व्हॅसिसिन या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावतं; गरोदरपणी अजिबात घेऊ नये. लहान मुलांना वैद्यांना विचारूनच. खोकल्यातून रक्त पडत असेल तर काढा उकळत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि पानं नीट ओळखून घ्या. अरुंद पानांचा, जांभळट काड्यांचा ‘काळा अडुळसा’ हे वेगळं झुडूप आहे. काढ्याच्या अडुळशाचं पान रुंद, दोन्ही टोकांना निमुळतं आणि फूल पांढरं असतं.