मक्याच्या पिठाची तोर्तिया का फाटते?

प्रश्न : ताई, मेक्सिकन जेवण घरी करायचं वेड लागलंय, पण साध्या मक्याच्या पिठाची तोर्तिया, म्हणजे तिकडची पातळ भाकरी, थापली की कडा फाटतात, लाटायला गेलं तर तुकडेच पडतात. काय चुकतंय? आणि त्या स्वयंपाकघराची गोडी लागेल असं एखादं पुस्तक पण सांगा ना.

उत्तर : अगं तुझा हात चांगलाच असणार, पीठच वेगळं लागतं! मेक्सिकोत सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतला की सालं सुटतात, मग तो ओलाच वाटायचा, पूर्वी मेताते नावाच्या दगडावर, म्हणजे आपला पाटाच समज. किलोभर मक्याला साधारण 10 ग्रॅम चुना, आणि तो खायचाच हवा, रंगाचा अजिबात नाही. चुन्यामुळे पीठ चिकट होतं, शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर तयार ‘मासा हारिना’, म्हणजे असंच चुन्यात उकळलेल्या मक्याचं सुकं पीठ, ऑनलाइन मिळतं, मी तरी आठवड्याच्या मधे तेच वापरते. दोन प्लास्टिकच्या कागदांमधे दाबायचं आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर टाकायचं, बस. सोबत काळ्या घेवड्याचं पातळ कालवण, कांदा घालून, मसाले जास्त नकोत प्लीज.

पुस्तक म्हणशील तर मेक्सिकन लेखिका लौरा एस्किवेलची 1989 ची कादंबरी, ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’. 12 प्रकरणं, 12 महिने, प्रत्येकात एक रेसिपी. नायिका तितावर तिच्या आईने केलेला अन्याय वाचून चिडशील, पण स्वयंपाकाची वर्णनं भन्नाट आहेत. रिकाम्या पोटी मात्र वाचू नकोस!