वाचकांचे प्रश्न : आधी जपून ठेवा, मग ब्लॉक करा

मोबाइलवरच्या चिडवाचिडवीबद्दल आणि छळाबद्दल सोलापूरकरांकडून आलेली पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

मुलगी नववीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार-पाच मुलींनी तिच्या गॅदरिंगमधल्या फोटोचे स्टिकर बनवून फिरवले. आठ दिवस ती डबा तसाच परत आणत होती. कळल्यावर तिच्या बाबांनी रागाच्या भरात ग्रुप डिलीट केला आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. आता शाळा म्हणते, पुरावा दाखवा.
— एक आई, सात रस्ता

बाबांचा संताप समजू शकतो. पण त्यात पुरावा गेला, आणि सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच झाली असं मुलीला वाटलं. फोन जाईल या भीतीनेच कितीतरी मुलं घरी तोंड उघडत नाहीत. म्हणून आधी तिच्याशी बोला : "तुझं काही चुकलं नाही. फोन तुझाच आहे. थोडं काम करून तुला परत देते."

फोन बंद राहिला हे एका अर्थी बरं झालं. व्हॉट्सॲपचा बॅकअप सहसा रात्री दोनच्या सुमारास होतो आणि नवा बॅकअप ऑनलाइन साठवलेल्या जुन्याची जागा घेतो. फोन सुरू करा, पण वायफाय आणि डेटा बंद ठेवा. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप उघडून शेवटची तारीख बघा. ती ग्रुप डिलीट होण्याच्या आधीची असेल, तर व्हॉट्सॲप काढा, मग इंटरनेट सुरू करून त्याच नंबरवर पुन्हा टाका आणि विचारल्यावर 'रिस्टोअर' निवडा. बॅकअपनंतरचे मेसेज मात्र जातील. तारीख नंतरची असेल तर ॲप काढू नका. अँड्रॉइड फोनमध्ये साधारण गेल्या सात दिवसांच्या बॅकअपच्या फाइली असतात, त्यातून जुनी फाइल परत आणता येते. ते काम जाणकाराकडून, तुमच्यासमोर करून घ्या.

याहून सोपा मार्ग वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीचा फोन. तिच्या आईला विश्वासात घ्या. स्टिकर फॉरवर्ड करायला सांगू नका, तिच्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग करा : आधी ग्रुपचं नाव, मग सभासदांची यादी, मग मेसेज सावकाश वर सरकवत. इथे नेहमी एक चूक होते. नंबर 'पिंकी' नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त 'पिंकी' दिसते आणि ती कोण हे सिद्ध होत नाही. नावावर टिचकी मारून नंबर दिसेल त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. चित्र कापू नका, लाल गोल काढू नका. दुसऱ्याला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा दर्जा कमी करतं. सोबत एका वहीत तारीख, वेळ, कोणी काय टाकलं आणि कोणी पाहिलं, एवढं लिहा.

शाळेला तोंडी सांगू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या. मागणी नेमकी हवी : स्टिकर सगळ्या फोनमधून काढायला लावावेत, त्या मुलींच्या पालकांना बोलवावं, आणि आमच्या मुलीने शाळेत कोणाकडे जायचं त्या शिक्षिकेचं नाव कळवावं. "कडक कारवाई करा" एवढंच लिहिलं की अर्ज फाइलला लागतो.

फोटो अश्लील करून टाकलेला असेल तर वाट वेगळी. तो कोणालाच पाठवू नका, पालकांच्या ग्रुपवर "बघा काय केलंय" म्हणूनही नाही. अल्पवयीन मुलीचं असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. फोन घेऊन थेट पोलिसांकडे जा, किंवा १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा. अठरा वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. ती चित्राचा फक्त डिजिटल ठसा घेते, चित्र तुमच्या फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते शोधून काढतात. नग्न किंवा तसं बनवलेल्या चित्राची तक्रार ते ज्या ॲपवर आहे त्या कंपनीकडे केल्यावर ते काढायला तिला दोन तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही (फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती).

शहरात राहणाऱ्यांसाठी पोलीस आयुक्तालयाचं सायबर ठाणं आहे. बार्शी, अक्कलकोट आणि पंढरपूर हे भाग सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे येतात. "हे आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. दखलपात्र (पोलिसांनी थेट नोंदवायचा) गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो, आणि १ जुलै २०२४ पासून ते कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि डब्याचं विसरू नका. पोर अजून जेवत नसेल, झोपत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. "जगावंसं वाटत नाही" असं काही बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि तिला एकटं ठेवू नका.

कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं इन्स्टाग्राम पेज चालवते. रीलखाली माझ्या जाडीवर, रंगावर कमेंट येतात. एक जण रोज नव्या नावाने येतो. ब्लॉक केलं की जास्तच चेकाळतो.
— अशोक चौक

ब्लॉक केलेलं त्याला कळतं, आणि नवं खातं उघडायला दोन मिनिटं पुरतात. म्हणून 'रिस्ट्रिक्ट' वापरा. त्याची कमेंट मग फक्त त्यालाच दिसते, तुम्ही ती मान्य केल्याशिवाय इतरांना नाही. मेसेज विनंत्यांच्या खान्यात पडतात, आणि तुम्ही ते वाचले की नाही हे त्याला समजत नाही. ब्लॉक करायचंच असेल तर त्याची इतर आणि नवी खातीही ब्लॉक करण्याचा पर्याय निवडा. त्याआधी प्रोफाइलची लिंक, कमेंटचा स्क्रीनशॉट, तारीख एवढं ठेवून घ्या.

नको त्या शब्दांच्या कमेंट लपवणाऱ्या इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स' सेटिंगमध्ये शब्दांची यादी स्वतः भरा. कंपनीच्या तयार गाळणीतून आपल्याकडच्या शिव्या सुटतात. एकेक शब्द देवनागरीत लिहाच, शिवाय इंग्रजी अक्षरांत लोक तो जितक्या प्रकारे लिहितात तितक्या प्रकारे लिहा. 'जाडी'मध्ये एक 'ए' की दोन, एवढ्या फरकानेही कमेंट निसटते.

त्या रोजच्या माणसाला एकदाच, स्पष्ट लिहा : "मला पुन्हा संपर्क करू नका." हा मेसेज जपा. स्त्रीने नको म्हटल्यावरही पुरुष जवळीक साधायला पुन्हा पुन्हा संपर्क करत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलाग ठरतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लिहू नका. अजूनही पुष्कळजण ते सुचवतात, पण सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. "चटणी खवट लागली" ही शिवी नव्हे, गिऱ्हाइकाची तक्रार आहे. तिला सगळ्यांसमोर उत्तर द्या, पाकीट बदलून द्या, पण कमेंट पुसू नका. खरी तक्रार पुसलेली लोकांना दिसली की तुमच्या बाजूने बोलणारेही गप्प होतात.

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपचा मी ॲडमिन. दोघे एका विधवा सभासदाला टोमणे मारतात. उद्या केस झाली तर माझ्यावर येईल का?
— जुळे सोलापूर

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये सांगितलं आहे की दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन फौजदारी जबाबदार नाही, त्याचा त्यात संगनमताचा हेतू असल्याशिवाय. पण तुमच्या हातात चावी आहे, ती वापरा. टोमण्याचा स्क्रीनशॉट घ्या, मग मेसेज सर्वांसाठी डिलीट करा. रात्रीपुरता ग्रुप 'फक्त ॲडमिन'वर ठेवा आणि त्या दोघांना वेगवेगळा फोन करा. "सर्वांनी शांतता राखावी" असं लिहू नका. त्यात टोमणे मारणारे आणि सोसणारी एकाच ओळीत बसतात. त्याऐवजी "ताईंबद्दल लिहिलेलं चुकीचं होतं, म्हणून काढलं," असं नावानिशी लिहा आणि ताईंनाही फोन करा.

पुण्यात हॉस्टेलला आहे. बोलताना 'काय बे' येतं म्हणून मुलांनी ग्रुपचं नाव 'बे एके बे' ठेवलंय. माझ्या आवाजाच्या नकला करून व्हॉइस नोट टाकतात. आधी मीही हसलो. आता मेसमध्ये बोलतच नाही.
— मूळ सोलापूर, प्रथम वर्ष

आधी हसलास म्हणून आता नको म्हणायचा हक्क जात नाही. मस्करी आहे की छळ हे ओळखायची खूण एवढीच, की थांब म्हटल्यावर थांबतात का. ग्रुपवर नको, त्यातल्या जरा समजूतदार वाटणाऱ्या एकालाच लिही : "नाव बदला आणि नकला थांबवा. मला त्रास होतोय." कारण सांगू नकोस, त्यावर वाद होतो.

थांबले नाहीत तर हे रॅगिंग आहे. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत २०१६ च्या दुरुस्तीपासून प्रदेश, भाषा, जन्मस्थान यांवरून केलेला मानसिक छळ आणि वाळीत टाकणंही येतं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट कर, व्हॉइस नोटसकट. कॉलेज टाळाटाळ करत असेल तर १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. आणि मेसमध्ये निदान एकाशी तरी आपल्या बोलीत बोलत राहा. सोलापूरचा दुसरा कोणी त्या हॉस्टेलात सापडेलच.

आठवीतल्या माझ्या मुलाने वर्गमित्राच्या नावाने खोटं खातं उघडून घाण लिहिलं. मी त्याला मारलं. आता खातं डिलीट करू का?
— एक वडील, विजापूर रोड

आज नको, आधी त्या मुलाच्या आईवडिलांना भेटा. गुपचूप डिलीट केलंत तर उद्या ते पुरावा लपवल्यासारखं दिसेल, आणि तिकडे लेकरू "कोणी केलं असेल" या विचारात तसंच राहील. त्यांना खातं दाखवा, स्क्रीनशॉट घेऊ द्या, मग त्यांच्यासमोर काढून टाका. दुसऱ्याच्या नावाने असं वागणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क आणि ६६ड खाली येऊ शकतं. मुलगा अठराच्या आत असल्याने प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, हे त्याला घाबरवायला नाही तर वजन कळायला सांगा.

मारू नका. कोण कोण हसलं, कोणी सुचवलं हे विचारा, कारण अशी खाती क्वचितच एकट्याच्या डोक्यातून येतात. माफी दोनदा मागावी लागेल. एकदा समोर, "पण" हा शब्द न वापरता. दुसऱ्यांदा जिथे ते वाचलं गेलं त्याच ग्रुपवर : "ते खातं मी उघडलं होतं. त्यातलं सगळं खोटं होतं." वर्गाने ते खरं मानलं, त्यामुळे खुलासाही वर्गापुढेच व्हायला हवा. "माफ केलंस ना?" असं मात्र त्याने विचारायचं नाही. त्या मुलाला उत्तर द्यायचं असेल तर तो देईल, त्याला हवं तेव्हा.