अली की टायसन? आधी तारीख लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. मुहम्मद अली आणि माइक टायसन, हे दोन हेवीवेट बॉक्सर, दोघं ऐन भरात, समोरासमोर आले तर कोण जिंकेल? दादा म्हणतो टायसन, बाबा म्हणतात अली, आणि तू दोघांच्या मध्ये सापडून शेवटी लिहून टाकलंस, ‘काहीही होऊ शकतं.’ अगं, एवढंच सांगायचं होतं तर चार पानं कशाला खर्ची घातलीस?

तुला ठोसा कुठून निघतो ते दिसतं, त्याबद्दल मी बोलत नाही. घोळ तुझ्या तक्त्यात आहे. अली : ५६ विजय, ५ पराभव. टायसन : ५० विजय, ७ पराभव. यातला सातवा पराभव नोव्हेंबर २०२४चा, वयाच्या ५८व्या वर्षी, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेल्या जेक पॉलसमोरचा. तो ‘ऐन भरातल्या’ टायसनच्या खात्यात कसा काय आला? आणि अलीचे पाचही पराभव १९७१पासून पुढचे. १९६७ साली त्याने सैन्यात जायला नकार दिला, किताब गेला, साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर ठेवलं. त्याआधी तो २९ पैकी २९ जिंकलेला होता. म्हणून म्हणतो, तारीख लिही. नाव लढत नाही, त्या रात्रीचा माणूस लढतो.

दादाचा बर्बिकवाला मुद्दाही तू जसाच्या तसा उचललास. बर्बिकने अलीला हरवलं, टायसनने बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवलं, म्हणजे टायसन भारी. बर्बिकने हरवला तो डिसेंबर १९८१चा अली, चाळिशीला टेकलेला, आदल्या वर्षी लॅरी होम्सकडून बेदम मार खाल्लेला. बाबांचंही तेच. त्यांना टोकियो आठवतं, तिथे टायसनला हरवणाऱ्या बस्टर डग्लसचा लांब जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आठवतो. पण तो फेब्रुवारी १९९०चा टायसन, प्रशिक्षक केव्हिन रूनीला कोपऱ्यातून काढून टाकल्यानंतरचा. त्या रात्रीची चित्रफीत पुन्हा बघ. डोळा सुजत चाललाय आणि त्याच्या माणसांकडे सूज दाबायचं साधं लोखंडी साधन नाही, रबरी हातमोज्यात गार पाणी भरून दाबतायत. दहाव्या फेरीत हा जगज्जेता गुडघ्यांवर, ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी माउथपीस चाचपडतोय. हा टायसन घेऊन तू अलीला जिंकवणार? त्याला अर्थ नाही.

शिवाय तारखा जुळल्या तरी ‘याने त्याला हरवलं’ची साखळी टिकत नाही. १९७१ साली फ्रेझरने अलीला हरवलं. १९७३ साली फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ला किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत झोपवलं. बस गोल गोल फिरत. आपल्याकडे जत्रेच्या फडात जोड लावणारा जाणता माणूस दोन्ही मल्लांना आज, इथे, उभं करून बघतो. गेल्या वर्षी कुणी कुणाची पाठ लावली हे त्याला विचारायचं नसतं.

यंत्रानेही हा प्रश्न सुटलेला नाही. १९६७ साली मायामीच्या मरे वोरोनरने संगणकाकडून सगळ्या काळातल्या हेवीवेट जगज्जेत्यांची रेडिओवर स्पर्धा घेतली. त्यात जुन्या काळातल्या जेफ्रीजने अलीला हरवलं. अली भडकला, दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. मग १९६९ साली तो आणि निवृत्त रॉकी मार्सियानो स्टुडिओत खरोखर ग्लोव्ह्ज घालून उभे राहिले, वेगवेगळे शेवट चित्रित झाले. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला, आणि चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत विमान अपघातात गेला. जानेवारी १९७०मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकताना पाहिला. युरोपात दाखवलेल्या एका आवृत्तीत अली जिंकला. म्हणजे संगणकालाही प्रेक्षक बघून निकाल देता येतो!

आता माझं ऐक. अली नोव्हेंबर १९६६चा, ह्यूस्टनला क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा. टायसन जून १९८८चा, स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा. फेऱ्या पंधरा. आणि रेफरी कोण तेही लिही, कारण किन्शासात अली फोरमनची मान खाली दाबत राहिला आणि ते चालून गेलं. मनिलात, फ्रेझरबरोबरच्या लढतीत, रेफरी पाडियाने तो हात झटकून काढला. मान दाबायला मिळाली नाही तर टायसनला आत घुसणं सोपं जातं. मी पाडियाच घेतो, म्हणजे कुणी मला पक्षपाती म्हणायला नको.

पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या. ग्लोव्ह्ज गालांना चिकटलेले, डोकं डावी-उजवीकडे हलतंय, अलीच्या ७८ इंची पल्ल्याखालून तो आत शिरतो, उजवा बरगडीत आणि त्याच उजव्याने हनुवटीखाली अपरकट. अलीची खोड तुला ठाऊक आहे : डावा हात कमरेशी आणि ठोसा चुकवताना मान सरळ मागे. १९६३ला वेम्बलीवर हेन्री कूपरचा लेफ्ट हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा डावा ठोसा, नेमका तिथे बसला होता. टायसनचा हुक कूपरपेक्षा आखूड आणि लवकर येणारा. माझ्या मते अली तिसऱ्या फेरीत खाली बसतो. आणि उठतो, कारण १९७१ला पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या हुकने आडवा झाल्यावरही तो लगेच उठला होता. पाचवीपासून टायसनचं डोकं हलायचं कमी होतं. बोनक्रशर स्मिथने मिठ्या मारून, टोनी टकरने पाय चालवून त्याला १९८७ साली पूर्ण बारा फेऱ्या खेळवलं होतं; स्मिथकडे अलीचे पाय नव्हते, टकरकडे अलीचा जॅब नव्हता. अकराव्या फेरीत रेफरी थांबवतो. अली.

तारीख बदल, ऑक्टोबर १९७४चा अली घे. पाय गेलेले, दोरांना टेकून मार झेलणारा. फोरमनचे ठोसे लांबून, गोल फिरून येत. टायसनचे तसे येत नाहीत. तिथे मी टायसनवर बोट ठेवतो, आठवीच्या आत. बघितलंस? तीच दोन नावं आणि निकाल उलटा. तारीख लिही म्हणतो ते उगाच नाही.

लोक मला अलीभक्त म्हणतात. भक्त असतो तर किन्शासाच्या अलीला हरवलं असतं का? वर्तमानपत्रात होतो तेव्हा असाच एक लेख लिहिला होता, तारखांसकट, निकालासकट. साहेबांनी शेवटचा परिच्छेद उडवून ‘वाचकांनीच ठरवावे’ असं छापलं. मी गप्प बसलो, नोकरी होती, घरी दोन लहान पोरं होती, आणि त्या काळी बॉक्सिंगला पानाच्या तळाशी चार ओळी मिळायच्या, त्याही एजन्सीच्या. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण तुला कुठला साहेब आहे? तुझा शेवटचा परिच्छेद कुणी उडवलेला नाही, तूच लिहिला नाहीस. याचा राग येतो मला, तुझा नाही गं, तुझ्या त्या सावधपणाचा.

तो तक्ता फेकून दे. तारखा, फेऱ्या, रेफरी, निकाल आणि कितव्या फेरीत, एवढं घालून रविवारपर्यंत पाठव. टायसनला जिंकवलंस तरी हरकत नाही. फक्त १९६६च्या अलीसमोर त्याला पंधरा फेऱ्या नेऊन गुणांवर जिंकवू नकोस. तसं केलंस तर मी फोन करून भांडणार, आणि तेव्हा आईकडे फोन द्यायचा नाही.