जर्मनीत भाड्याच्या घरात नेट कुठल्या कंपनीचं घ्यावं?

तुम्ही म्हणताय पुढच्या महिन्यात स्टुटगार्टला फ्लॅटची चावी मिळतेय आणि टेलिकॉम, व्होडाफोन, ओटू यातलं कुठलं घेऊ कळत नाहीये. अहो कंपनी राहू द्या, आधी घरात वायर कुठली आलीय ते घरमालकाला विचारा. फायबर असेल तर नशीब काढलंत, घेऊन टाका. नसेल तर डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं नेट, नाहीतर टीव्हीची केबल.

डीएसएलची तांब्याची तार बहुतेक ठिकाणी टेलिकॉमचीच असते, बिल मग ओटूचं येवो नाहीतर वन अँड वनचं, त्यामुळे स्पीडमध्ये फार फरक पडत नाही, जास्तीत जास्त २५० एमबीपीएस, आणि ती तार जिथून घरात येते त्या रस्त्यावरच्या करड्या डब्यापासून घर लांब असलं तर तेवढंही नाही. केबलवर व्होडाफोन १००० देतं, वाचायला भारी वाटतं, पण ती लाइन आजूबाजूच्या घरांत वाटलेली असते, संध्याकाळी सगळे नेटफ्लिक्स लावून बसले की रडत चालते आणि अपलोड ५० च. घरून काम आणि रात्री आईबाबांना व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर डीएसएलचं १०० वालं बास, अपलोड ४० मिळतं.

आता माझी फजिती. टेक्निशियन सकाळी ८ ते १ मध्ये कधीही येणार म्हणून सुट्टी काढून बसलो, आणि खालच्या बेलवर नाव जुन्या भाडेकरूचंच, टेक्निशियनला माझी बेल सापडलीच नाही! खिडकीतून त्याची व्हॅन जाताना दिसली, चपला घालेपर्यंत गेला पण. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर मोबाइलचा हॉटस्पॉट. त्या तारखेला बेलवर, लेटरबॉक्सवर सगळीकडे चिकटपट्टीने नाव लावून बसलो तर तो आलाच नाही :) मात्र चूक कंपनीची असली की कायद्याने १० युरो किंवा महिन्याच्या बिलाचे २० टक्के, जे जास्त असेल ते मिळतं, मागावं मात्र लागतं. मी मागितले, बिलात वजा झाले.

करार बहुतेक २४ महिन्यांचा असतो, जाहिरातीतला स्वस्त दर सुरुवातीच्या काही महिन्यांपुरताच, तेव्हा दोन वर्षांचा एकूण हिशोब करा. मुदत संपल्यावर मात्र डिसेंबर २०२१ पासून एका महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं, पूर्वी आपोआप वर्षभर वाढायचा. राउटर भाड्याने घेऊ नका, २०१६ पासून स्वतःचा लावायची मुभा आहे, जुना फ्रिट्झबॉक्स (इथला नेहमीचा राउटर) क्लाइनअनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या साइटवर स्वस्तात मिळतो, फक्त डीएसएलचा आणि केबलचा वेगळा असतो ते बघून घ्या. आणि चावीची वाट बघू नका, पत्ता पक्का झाला की ऑर्डर टाका.